सिद्धमण्याचा नंबर

कापडाच्या जुन्या गोदामात त्या संध्याकाळी मुंगीला शिरायला वाव नव्हता. मागचे लोक टाचा उंचावून पाहत होते, पुढचे मान ताठ करून बसले होते, आणि ज्यांच्या वाट्याला खांबाआडची जागा आली होती ते खांबालाच शिव्या देत होते. समोर लाकडी मंचावर एक गुबगुबीत गृहस्थ डोळे मिटून बसले होते. उकाड्याने लोकांच्या पाठी भिजल्या होत्या, पण गृहस्थांनी लोकरीची टोपी पार कानांवर ओढून घेतली होती. त्यांना सगळे अंतर्यामी म्हणत.

"उघड्या डोळ्यांना दिसतं ते कातडं!" अंतर्यामी गरजले. "मिटल्या डोळ्यांना दिसतो तो माणूस! मी विचारणार नाही, तुम्ही सांगायचं नाही. हात ठेवा, मन मोकळं करा आणि श्वास नाकाने घ्या."

सर्दी झालेल्यांनी काय करायचं, हे त्यांनी सांगितलं नाही.

त्यांच्यापुढे एक स्टूल होतं आणि स्टुलावर जांभळी मखमली उशी. उशीवर हात ठेवायचा, पण मनगटाला सिद्धमणी बांधलेला हवा. हा मणी म्हणजे कोटाच्या बटणाएवढी लाकडी चकती, काळ्या दोऱ्यात ओवलेली. पहिल्या दिवशी येणाऱ्याला नुसता मणी मिळे. "पीठ भिजवल्या भिजवल्या पाव होतो का रे?" अंतर्यामी विचारत. "आंबू द्यावं लागतं. आज मणी बांधा, उद्या या. तुमची कंपनं त्याच्यात मुरू द्या."

आणि दुसऱ्या दिवशी खरंच चमत्कार होई. नळदुरुस्तीवाल्याने उशीवर हात ठेवला तेव्हा अंतर्यामी मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "जगाच्या नळांची गळती थांबवतोस बाळा, पण तुझ्या घरात अबोला गळतोय. सख्खा भाऊ तुझ्या दारावरून जातो आणि मान वळवतो." नळदुरुस्तीवाला तिथेच पाया पडला. "मी तर तोंडसुद्धा उघडलं नाही!" असं तो पुढे भेटेल त्याला सांगत सुटला.

बघता बघता वस्तीत दोन तट पडले. ज्यांना अंतर्यामींनी ओळखलं ते, आणि ज्यांना अजून ओळखलं नाही ते. ओळखलेले लोक पुढच्या सतरंजीवर बसत, दुसऱ्याला जागा देताना उपकार केल्यासारखी मांडी आवरून घेत. न ओळखलेले मागे उभे राहून जळत. बेकरीवाल्याच्या बायकोला अंतर्यामींनी पहिल्याच फेरीत ओळखलं, बेकरीवाल्याला मात्र कधीच नाही. तेव्हापासून तो बिचारा पाव भाजताना स्वतःही भाजून निघत होता.

त्या संध्याकाळी शिंपीणताईची पाळी आली. वस्तीतल्या निम्म्या लोकांच्या अंगावर जिच्या हातची शिलाई होती, ती ही ताई. तिने मनगट उशीवर टेकवलं. अंतर्यामींनी मान किंचित तिरकी केली, जणू दूरचं काही ऐकताहेत.

"मुली, कात्रीने दुसऱ्यांचं कापड कापलंस आणि स्वतःचं आयुष्यही. आईवेगळं एक पोर वाढवलंस, शिकवलंस, मोठं केलंस." ते थांबले. "पण तुझ्या काळजात एक काटा आहे. तो कुणालाच दाखवला नाहीस. सांगू? नको. तुझी लाज ती माझी लाज."

ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"आणि डोळ्यांत घालतेस ती बाटली फेकून दे! आतला दिवा पेटला की बाहेरचं तेल कशाला?"

गोदामाच्या अगदी मागे, दाराला टेकून, ते आईवेगळं पोर उभं होतं. ते आता चांगलं मोठं झालं होतं आणि शाळेत विज्ञान शिकवत होतं. मुलं तिला बाई म्हणत, ताई तिला छोटी म्हणायची. चमत्कार म्हटला की बाईंच्या कपाळाला आठी पडे. त्या दिवशीही 'हा लबाड आहे' असंच त्यांच्या मनात यायला हवं होतं. पण आलं ते भलतंच. कोणता काटा? ताईच्या काळजात काटा आहे, तो या टोपीवाल्याला माहीत आणि मला नाही?

दोघी बहिणी दुकानामागच्या दोन खोल्यांत राहत. आई गेली तेव्हा छोटी पाटी-पेन्सिलीच्या वयाची होती आणि ताई जेमतेम शाळेबाहेर पडलेली. ताईने आईचं शिलाई मशीन ओढून पुढे घेतलं, ते आजवर मागे सारलं नव्हतं. रोज दुकानाचं दार ओढलं की दोघी चहा घेऊन बसत. छोटी दिवसभराचं सगळं सांगे आणि ताई काजं करता करता ऐके. अंतर्यामी आल्यापासून ती वेळ गोदामाला गेली होती. बाई एकटीच चहा घेत आणि तो निम्मा टाकून देत.

त्या दिवशी घरी पोचताच ताईने डोळ्यांच्या थेंबांची बाटली उचलली आणि केराच्या डब्यात टाकली.

"ताई, वेडी झालीस का? डॉक्टरांनी काय सांगितलंय? काचबिंदू आहे तुला."

"डॉक्टरांना माझ्या डोळ्यांतलं दिसतं. त्यांना मनातलं दिसतं."

"काय दिसतं मनातलं? कसला काटा?"

ताईने सुईत दोरा ओवायला घेतला. "तो माझा आहे," एवढंच म्हणाली.

बाईंना वाटलं, कुणीतरी आपल्या तोंडावर दार लावलं. बाहेरच्या माणसाने लावलं असतं तर एवढं लागलं नसतं.

काही महिने गेले. पंचाईत अशी झाली, की ताईचे डोळे सुधारले. निदान दिसायला तरी. थेंबांनी ते सदा लालभडक असायचे, चुरचुरायचे. आता ते पांढरेशुभ्र झाले. ताई गिऱ्हाइकांना पापणी ओढून दाखवू लागली. "बघा, आहे का लाली? मी तर म्हणते, दहा वर्षांनी लहान झाले!" बायका बघत, हळहळत आणि आपल्यालाही मणी मिळावा म्हणून गोदामाकडे धावत.

बाई डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या. म्हातारे डॉक्टर चष्मा पुसत ऐकत होते.

"बाई, थेंब झोंबतात, त्यांनी डोळे लाल होतात. बंद केले की लाली जाणारच. औषध गेलं म्हणून लाली गेली. रोग आहे तिथेच आहे. त्याला चोरपावलांची सवय. दुखत नाही, खुपत नाही. कडेकडेने नजर खात येतो, आणि माणसाला कळतं तेव्हा परत द्यायला काही उरलेलं नसतं. ताईंना माझ्याकडे आणा. उचलून आणा."

पण ताईला उचलून आणणं सोपं नव्हतं. "सगळी वस्ती माझं कौतुक करते. फक्त तुलाच माझं बरं झालेलं बघवत नाही. जळतेस तू, छोटी." आणि हे बोलून ती वळली ती डाव्या खांद्याने दाराच्या चौकटीवर धडकली. "मेली चौकट!" असं म्हणून तिने खांदा चोळला.

बाईंनी ते पाहिलं आणि डॉक्टरांचं 'कडेकडेने' त्यांना आठवलं.

शाळेत त्या आठवड्यात आरएफआयडीचा, म्हणजे लहरींनी दुरून नंबर वाचण्याच्या तंत्राचा पाठ चालू होता. शाळेने विज्ञानवर्गासाठी एक संच आणला होता: चपटी रीडरयंत्रं, काही कार्डं, काही गोल चकत्या. बाईंचा नियम असा, की फळ्यावर कमी आणि हातात जास्त. म्हणून त्यांनी मुलांचे गट करून सगळं त्यांच्या पुढ्यात ठेवलं होतं.

"या चकतीत बॅटरी नाही," बाई म्हणाल्या. "रीडर रेडिओलहरी सोडतो. चकती जवळ आली की तिच्या आतल्या तारेच्या वेटोळ्याला त्याच लहरींतून थोडी वीज मिळते. तेवढ्यावर ती जागी होते आणि आपला नंबर सांगते. फक्त नंबर. बाकी काही तिला ठाऊक नसतं."

"मग बाई, माझं कार्ड लावल्यावर संगणकावर 'वर्गातला सर्वात हुशार' असं कसं येतं?" पहिल्या बाकावरच्या पोराने विचारलं.

"तू तसं लिहून ठेवलंस म्हणून," त्याच्या शेजारणीने सांगितलं. तिने दोन कळा दाबल्या, काही टाइप केलं आणि त्याचंच कार्ड पुन्हा रीडरवर टेकवलं. पडद्यावर उमटलं: वर्गातला सर्वात झोपाळू. वर्ग हसून लोळला. पोरगा चिडला, पण मुद्दा सगळ्यांच्या डोक्यात बसला. नंबर तोच, माणूसही तोच. वर लिहिलेलं मात्र लिहिणाऱ्याचं.

मग मुलं वेगवेगळ्या वस्तू मध्ये धरून पाहू लागली. कागदातून टिंग वाजलं, कापडातून वाजलं, लाकडी फुटपट्टीतून वाजलं. चॉकलेटच्या चांदीत चकती गुंडाळली तर मात्र रीडर मुका झाला.

बेकरीवाल्याची मुलगी या गटातून त्या गटात फिरत होती. तिच्या तोंडाला विसावा नसल्यामुळे वर्गात तिला टकळी म्हणत. बोलता बोलता तिने रीडर सरकवायला हात पुढे केला. हात रिकामा होता.

टिंग!

सगळे गप्प झाले. टकळीसुद्धा. तिने हात मागे घेतला आणि पुन्हा पुढे केला. टिंग!

"बाई, टकळीच्या अंगातच चिप आहे!" कुणीतरी ओरडलं.

बाईंची नजर तिच्या मनगटावर गेली. काळा दोरा, कोटाच्या बटणाएवढी लाकडी चकती.

वर्गातल्या निम्म्या पोरांच्या हातांत सिद्धमणी होते. एकेकाने येऊन मनगट टेकवलं. प्रत्येक वेळी टिंग, प्रत्येक वेळी निराळा नंबर. चॉकलेटची चांदी गुंडाळली की कंपनं गायब. टकळीने आपला मणी दोऱ्यातून काढला आणि उजेडात फिरवून पाहिला. "बाई, कडेला चीर आहे. डिंकाने चिकटवल्यासारखी."

"तुझा मणी आहे. उघडायचा की नाही ते तू ठरव," बाई म्हणाल्या.

टकळी जरा घाबरली. "आई म्हणते, मणी फोडला तर घरावर संकट येतं." मग तिने ओठ दाबून धरले, कंपासचं टोक चिरेत खुपसलं आणि फिरवलं. मण्याचे दोन पापुद्रे झाले. आत तांब्याच्या तारेचं बारीक वेटोळं होतं आणि मध्ये मोहरीएवढा काळा ठिपका.

"ही तर आपलीच चकती!" टकळी म्हणाली. तिने छताकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं. "संकट तर नाही आलं."

"म्हणजे उशीखाली रीडर असणार," मागच्या बाकावरून आवाज आला.

"आणि टोपीखाली कानात काहीतरी असणार! नाहीतर एवढ्या उकाड्यात लोकर कशाला?"

"पण नंबरावरून त्यांना आमच्या घरातलं कसं कळतं?" एका मुलीने विचारलं. "चकतीला तर फक्त नंबर ठाऊक असतो."

सगळ्यांनी आपसूक टकळीकडे पाहिलं, कारण वस्तीत कोण काय बोलतं ते तिला ठाऊक नसेल तर कुणालाच नसे. टकळी विचारात पडली. "बाई, मणी मिळायच्या आधी रांगेत चहा देतात ना, त्या काकू किती गोड बोलतात. 'दमलात का हो? घरी कोण कोण असतं?' आईने त्यांना आजीची सगळी भांडणं सांगितली. आणि बाबा त्यांच्याशी बोललेच नाहीत. नुसतं म्हणाले, साखर कमी आहे."

"म्हणून बाबांना कधी ओळखलं नाही!" वर्ग एकसुरात ओरडला.

बाईंना आनंद झाला. हा आनंद फारसा सोज्वळ नव्हता. ताईसमोर तो फुटका मणी आपटायचा आणि म्हणायचं, बघ, तुझा अंतर्यामी! शाळा सुटताच त्या जवळजवळ धावतच घरी गेल्या.

ताईने मण्याची शकलं पाहिली, सगळं ऐकून घेतलं. तिच्या समोरच्या शर्टाची डावी शिवण वाकडी गेली होती आणि ते तिला दिसलेलं नव्हतं.

"झालं समाधान?" ती म्हणाली. "कुणीतरी मला ओळखतं, हे तुला सहनच होत नाही."

"हो, नाही होत सहन!" बाई ओरडल्या आणि स्वतःच दचकल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "जळते मी. त्याला सगळं ठाऊक आणि मला काही नाही, म्हणून माझा जीव जळतो. पण मी जळते म्हणून मण्यातली तार खोटी होत नाही, ताई. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. फक्त तपासून बघ."

ताई संध्याकाळी नेहमीसारखी गोदामात गेली.

बाईंनी तोवर बेकरी गाठली होती. लेकीने बापाला आधीच सगळं सांगून टाकलं होतं. बेकरीवाला कोपरापर्यंत पिठाने माखलेला, मिशा ओठांवर आलेल्या, अंगाने भट्टीएवढा.

"बाई, बायकोपेक्षा मी पहाटे लवकर उठतो," तो कळवळून म्हणाला. "हिच्या मनात दिसतं आणि माझ्या मनात काहीच दिसत नाही? मी काय रिकामा डबा आहे?"

"मग आज बायकोचा मणी तुम्ही बांधा," बाई म्हणाल्या. "बोलायचं मात्र काही नाही."

बायको आधी फुरंगटली. मग नवऱ्याकडे रोखून पाहत म्हणाली, "घ्या. म्हणजे तुमची रोजची कुरकुर तरी थांबेल." तिने मणी सोडून दिला.

गोदाम खच्चून भरलं होतं. वर्गातली मुलं आईबापांच्या अधेमधे पेरल्यासारखी बसली होती. बेकरीवाला रांग मोडून मंचावर चढला आणि मनगट उशीवर ठेवलं. स्टूल कुरकुरलं.

अंतर्यामींचे डोळे मिटलेले. मान तिरकी झाली. "ये, बाळे!" ते मधाळ आवाजात म्हणाले. "किती सोसतेस! सासू ताटात मीठ जास्त पडलं म्हणून बोलते, कमी पडलं म्हणूनही बोलते. आणि तुझा नवरा, तो भट्टीशी बोलतो, पण तुझ्याशी नाही."

पुढच्या सतरंजीवरून कुणीतरी फिस्सकन हसलं. बेकरीवाल्याच्या मिशा थरथरत होत्या. सासू पहिल्याच रांगेत होती, ती सुनेकडे वळून बघायला लागली.

"लाजू नकोस, बाळे. उशीवरचा हा कोमल हात..."

आता गोदाम खदखदून हसलं. अंतर्यामींनी डोळे उघडले. समोर मिशा होत्या. पण गडी मुरलेला होता. "पाहिलंत?" त्यांनी हात उंचावले. "पतीच्या देहात पत्नीचा जीव! अर्धांगीचं अंतःकरण मी याच्यातून वाचलं!"

आणि काय सांगावं, काही लोकांनी माना डोलावल्या. एकजण तर "वा!" म्हणाला. माणसाला विश्वास ठेवायचाच असला की तो भोकं पडलेल्या टोपलीतूनही पाणी भरून नेतो.

बाई पुढे जायला निघाल्या, तोच मधल्या रांगेतून कुणीतरी उठलं. ताई होती. ती सरळ मंचावर गेली. चढताना डावीकडची पायरी तिला दिसली नाही, ती अडखळली, सावरली. लोकांना वाटलं, ही अंतर्यामींची बाजू घेणार. बाईंनाही तसंच वाटलं.

ताई नुसती हात जोडून उभी राहिली. बेकरीवाला उठून गेल्यामुळे हायसं वाटलेल्या अंतर्यामींनी समोर कोण आलं ते न बघताच सवयीने डोळे मिटले. मग ताईने मनगटावरचा मणी सोडला, मुठीत घट्ट धरून ती मूठ पाठीमागे नेली आणि दुसरा, रिकामा हात उशीवर ठेवला.

मागच्या लोकांनी टाचा उंचावल्या.

अंतर्यामींची मान तिरकी झाली. आणखी तिरकी झाली. टोपीवरून त्यांनी कान दाबला.

"हं," ते म्हणाले. "अं... पुत्रा... तुझी शेती..."

"मी रोज येते," ताई म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "तुमच्या शब्दावर मी औषध टाकलं. मला ओळखत होता ना तुम्ही? माझा काटा तुमच्या ओळखीचा होता ना? मग आज काय झालं?"

अंतर्यामी ताडकन उठले. ते मंचावरून उतरायला लागले तेव्हा नळदुरुस्तीवाला त्यांच्या वाटेत उभा राहिला. टकळी आणि तिच्या दोस्तांनी उशी उचलली. मखमलीखाली पातळ फळी, फळीखाली चपटा रीडर आणि त्याची वायर मंचाच्या मागच्या पडद्यात गेलेली. पडदा ओढला तर तिथे संगणकासमोर चहावाली काकू बसलेली, तोंडाजवळ बारीकसा माइक. टोपी काढल्यावर अंतर्यामींच्या कानात त्या माइकला जोडलेला इअरफोन सापडला.

लोकांत गलका उठला. तरीही एकजण म्हणाला, "यंत्र असेल हो, पण शक्तीला यंत्र लागतंच!"

"थांबा," बाई म्हणाल्या. "मी सांगून उपयोग नाही, डोळ्यांनी बघा. इथे मणी टेकवला की त्या माणसाने रांगेत काकूंना काय सांगितलं ते संगणकाच्या पडद्यावर येईल." त्यांनी हात पुढे केला. "ताई, तुझा दे."

ताईने नकळत मूठ उघडली. मणी बाईंच्या तळहातावर आला. आणि ताईचा चेहरा पांढराफटक पडला.

"छोटी, तो नको," ती पुटपुटली.

बाईंना कळलं. इतके दिवस जे जाणून घ्यायला जीव तडफडत होता, ते बोटभर अंतरावर होतं. मणी नुसता खाली न्यायचा. एक टिंग, आणि काटा पडद्यावर. आपल्याला तो कळायला नको? एका चहावालीला कळलेला चालतो? बाईंचा हात रीडरवर अधांतरी थांबला, आणि मनात ती जुनी आग पुन्हा भडकली. मग त्यांनी मणी ताईच्या हातात परत दिला आणि बोटं मिटवली.

"माझा घ्या," नळदुरुस्तीवाला म्हणाला. त्याने मनगट टेकवलं. टिंग. पडद्यावर अक्षरं उमटली. पुढच्या लोकांनी ती मोठ्याने वाचली: भावाशी अबोला, चहा पिताना रडला, पुन्हा बोलवावे. नळदुरुस्तीवाल्याने दोनदा वाचलं आणि काकूकडे पाहिलं. "मला वाटलं, तुम्हाला खरंच वाईट वाटतंय," तो म्हणाला. काकूने माइक काढून ठेवला.

पुढचं काम पोलिसांनी केलं. ते सांगण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या सकाळी बाई ताईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. तपासणीच्या यंत्रात कडेकडेला दिवे लुकलुकत, दिसला की ताईने बटण दाबायचं. डावीकडचे बरेच दिवे लागून विझले आणि ताईचं बोट हललंच नाही. ती बिचारी वाट बघत होती. काचेतून पाहणाऱ्या बाईंना रडू आवरेना.

"हे गेलेलं परत येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "राहिलेलं राखू. थेंब रोज, न चुकता. झोंबले तरी."

घरी आल्यावर ताई मशीनपाशी बसली, पण पाय चालवेना. बाईंनी चहा केला आणि समोर बसल्या. यावेळी त्यांनी शाळेतलं काही सांगितलं नाही.

"विचारणार नाहीस?" ताई म्हणाली.

"तुझा आहे तो. तूच म्हणालीस."

"त्या बाईने विचारलं होतं. नुसतं इतकंच, की तुम्हाला कधी कुणाचा हेवा वाटला का हो? मला आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं, छोटी. तूसुद्धा नाही. तू सांगायचीस." ताईने चहाची कपबशी दोन्ही हातांनी धरली. "तू शिक्षिका झालीस त्या दिवशी मी सगळ्यांना मिठाई वाटली. आणि तू शाळेत गेल्यावर दार लावून घेतलं. वाटलं, हिच्या हातात खडू, माझ्या हातात कात्री. हिला माझ्या लेकीसारखं वाढवलं आणि मला हिचाच मत्सर वाटतो! स्वतःची शिसारी आली. तुला कोणत्या तोंडाने सांगू? परक्या माणसाला सांगून मोकळी झाले. मग तो मिटल्या डोळ्यांनी म्हणाला, तुझी लाज ती माझी लाज. वाटलं, कळूनही कुणीतरी मला हाकललं नाही."

बाईंनी कप खाली ठेवला. तिकडे बहीण आपल्यावर जळत होती, इकडे आपण तिच्या गुपितासाठी जळत होतो, आणि मधल्या फटीत एक टोपीवाला दुकान मांडून बसला होता.

"मी पण जळतच होते," त्या म्हणाल्या. "म्हणजे दोघी सारख्याच."

ताईला हसू आलं. हसता हसता ती रडली, आणि मग म्हणाली, "आण ती नवी बाटली. घाल थेंब. झोंबले तर शिव्या देईन."

वस्तीतले काही लोक अजून म्हणतात, बाईंनी हे सगळं मत्सरापोटी केलं. म्हणोत. मत्सर होताच. पण उशीखाली रीडर होता की नाही, हे बाईंच्या मनावर अवलंबून नव्हतं. सांगणारा साधू आहे की जळका, हा प्रश्न नंतरचा. आधी हे बघावं, की सांगितलेलं तपासता येतं का, आणि तपासल्यावर टिकतं का. कुणी तुमच्या मनातलं ओळखलं तर पाया पडण्याआधी एवढं आठवून पाहा, की ते आपण कुणाला बोललो होतो. बरं वाटलं म्हणजे बरं झालं असं नसतं, ते डॉक्टरांकडून मोजून घ्या. आणि घरातल्या माणसाला कधीतरी विचारा, तुला काय सलतंय. तुम्ही विचारलं नाहीत, तर विचारणारा दुसरा कुणीतरी येतोच.

ताई आता दर तपासणीला स्वतःच्या पायांनी जाते. डावीकडून येणारं तिला दिसत नाही, म्हणून रस्त्यात बाई तिच्या डाव्या बाजूने चालतात. डॉक्टर दिव्यांच्या तपासणीचा जुना आलेख आणि नवा आलेख शेजारी शेजारी धरतात. परवा ताईने त्यांना मध्येच थांबवलं.

"मला बरं वाटतंय का, ते विचारू नका, डॉक्टर," ती म्हणाली. "आलेख काय म्हणतो ते सांगा."